वरचा दिवा हिरवा

आमच्याकडे ‘मुंबईला जाणार’ हे एका व्यवसायाचं नाव आहे. नववीच्या वर्गात मी दर वर्षी विचारते, पुढे काय करणार. थोडे जण डॉक्टर म्हणतात, थोडे पोलीस, आणि उरलेले सगळे म्हणतात, मुंबईला जाणार. तिथे जाऊन काय करणार असं विचारलं, की बाईंना एवढंही कळत नाही अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघतात. त्यातही ही मुंबई म्हणजे मुंबई नव्हेच. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाची मुंबई ठाण्याच्या कोपरीत सुरू होते आणि डोंबिवलीवरून कल्याणला संपते.

या वर्षी ठरवलं, मुलांना ही मुंबई आतून दाखवायची. मामाचं घर, मॉल आणि तलावातली बोट नव्हे, तर मामा सकाळी डबा घेऊन जातो कुठे आणि तिथे करतो काय, ते. मुख्याध्यापकांनी सहल म्हणून परवानगी दिली, पालकांनी करिअर म्हणून दिली, आणि मुलांनी यातलं काहीही मनावर न घेता चिवडा बांधून घेतला.

ज्यांनी ठाणं पाहिलेलं नाही अशा आमच्याकडच्या आईवडिलांसाठी ही हकिगत लिहायला घेतली. आयटीआयला काय शिकवतात, कारखान्यात उमेदवारी कशी करतात, हे सगळं नीट सांगायचा बेत होता. पण लिहायला बसलं की एकच मुलगा सारखा समोर येऊन उभा राहतो. त्याला मी इथे श्रेयस म्हणते. हे त्याचं खरं नाव नाही. तुम्ही लिहा बाई, असं तो स्वतःच म्हणाला, म्हणून लिहिते आहे.

श्रेयसला रेल्वेचं इंजिन चालवायचं आहे. म्हणजे, होतं. तो आईबरोबर आजोळी राहतो, आणि त्याच्या आजोबांच्या आंब्याच्या बागेखालूनच कोकण रेल्वे जाते. बोगद्याच्या अलीकडे एक सिग्नल आहे. शाळा सुटली की हा बागेच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, बसून गाड्यांची वाट बघायचा आणि सिग्नल बदलला की ओरडून सांगायचा. हिरवा, पिवळा, लाल. कधी चुकला नाही. आपल्याला काय व्हायचंय हे पुरतं ठाऊक असलेला माझ्या वर्गातला तो एकटाच.

त्याची दुसरी ख्याती नाकाची. आंबे गवतात पिकत घालतात त्या आढीत हात घालून, नुसता वास घेऊन, तो तयार आंबा बरोबर बाहेर काढतो. बाकीची माणसं आंब्याचा रंग बघतात. श्रेयस आणि त्याचे आजोबा, दोघंही रंगाकडे ढुंकून बघत नाहीत; देठ नाकाला लावतात आणि बाजूला ठेवतात. त्यांच्या घराण्यात नाक आहे असं सगळं गाव कौतुकाने म्हणतं. मीही म्हणत आले.

कोपरी

गाडीतल्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. एकाला उलटी झाली, एकीचा डबा सांडला, आणि ठाणं आलं.

उतरलो ते कोपरीत, आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत. जुन्या काळी गावातून आलेली माणसं इथे वळकट्या टाकून राहायची. आता भिंतीला फरशा लागल्या आहेत आणि कोपऱ्यात भजनाची पेटी झाकून ठेवलेली असते. खोलीची किल्ली नानांकडे. नाना म्हणजे आमच्या गावचेच, पण सगळी हयात ठाण्यात गेली. वागळे इस्टेटमध्ये, ठाण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, वायरमन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या सगळ्या भेटी त्यांनीच ठरवल्या होत्या.

पहिल्याच सकाळी गोंधळ झाला. आमच्याकडे अंगण सारवलेलं असतं, तेव्हा चपला अंगणाच्या कडेला काढायच्या ही मुलांची सवय. इमारतीच्या दारातली फरशी स्वच्छ दिसली, म्हणून आदल्या रात्री सगळ्यांनी चपला खालीच, रस्त्याच्या कडेला ओळीने काढल्या आणि अनवाणी दोन जिने चढून आली. सकाळी झाडणारा माणूस ती ओळ कचऱ्याबरोबर घेऊन गेला. नाना पोट धरून हसले. मग अनवाणी वरात नाक्यावरच्या दुकानात नेऊन सगळ्यांना स्लिपर घेतल्या, आणि शेजारच्या सिंधी दुकानात दाल पकवान खाल्लं. कडक, पापडासारखी पुरी आणि वर घट्ट डाळ. मुलांना हे फार आवडलं. श्रेयसने मात्र आधी डाळीचा वास घेतला आणि आत कायकाय घातलंय ते सांगितलं. दुकानदार मानेने हो हो म्हणत गेला.

वागळे इस्टेट

नाना जिथे काम करायचे तो कारखाना आता बंद आहे. जवळच दुसरा एक आहे, विजेचे पॅनल बनवणारा. पत्र्याच्या कपाटात रंगीबेरंगी तारांचे गुच्छ, आणि प्रत्येक तारेला तिची ठरलेली जागा. मालक स्वतः आयटीआय झालेले. वायरमनचा कोर्स कसा असतो, उमेदवारीत काय शिकवतात, हे त्यांनी न कंटाळता सांगितलं. आमच्या तन्वीच्या हातात त्यांनी तारेची टोकं दाबून बसवायचा चिमटा दिला. तिने तो दिवसभर सोडला नाही, आणि निघताना मुलींना घेतात का असं विचारून आली. मालक म्हणाले, आम्ही शोधतोय. एवढं एकच झालं असतं, तरी ही सहल फुकट गेली नसती.

तिथे तारा बघता बघता नानांना गोष्ट आठवली. श्रेयसच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “तुझ्या आजोबांना मीच लावलेला ना कामाला, आमच्या कंपनीत. महिना नाय टिकला. लालच्या जागी हिरवी जोडून ठेवलेली त्याने, नशीब टेस्टिंगला सापडली, नायतर माणूस मेला असता. सायेब मला बोलला. आणि हा दुसऱ्या दिवशी गावाला पळाला, सांगितलंसुद्धा नाय.”

गावाला गेल्यावर आजोबांनी ठाण्याची हवा मानवली नाही असं सांगितलं. नानांनी मात्र हा माणूस आळशी आहे, कामात लक्ष नाही, असं सगळ्यांना सांगितलं होतं आणि त्यानंतर कित्येक वर्षं दोघे बोलले नव्हते. नाना हे सगळं हसत सांगत होते, कारण आता ते जुनं झालं होतं. मुलंही हसली. सगळ्यांत जास्त श्रेयस हसला.

डोंबिवली

डोंबिवलीच्या कारखान्यांच्या भागात शिरल्यावर मुलांनी नाकाला रुमाल लावले. आमच्याकडे वाऱ्याला फार तर सुक्या मासळीचा वास येतो. इथल्या वाऱ्याला दर वळणावर निराळा वास. श्रेयसची चंगळ झाली. हा आंबट, हा तारपीनसारखा, असं तो सांगत चालला होता.

आम्ही गेलो तो कारखाना कापडाचे रंग बनवतो. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या अनघाताई डोंबिवलीच्याच. शुद्ध बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या, आणि मुलांना ‘अहो’ म्हणणाऱ्या. आमची पोरं त्यानेच अर्धी गार झाली. त्यांचं काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक एक चिंधी पाठवतं, तसाच रंग यांनी करून द्यायचा. त्यासाठी एक पेटी आहे, तिच्यात दिवे बदलता येतात, कारण ट्यूबखाली सारखे दिसणारे रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. रसायनशास्त्र शिकून असलं काही काम करता येतं हे मुलांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मग त्यांनी खेळ मांडला. कापडाचे लहान तुकडे दिले. लाल, विटकरी, तपकिरी, शेवाळी, हिरवे. लालपासून हिरव्यापर्यंत क्रमाने लावायचे. मुलं भांडत, ढकलाढकली करत लावत होती. श्रेयसने आपले तुकडे झटपट लावले आणि पहिला आलो म्हणून हात वर केला.

त्याच्या ओळीत शेवाळी तुकडा विटकरी रंगांच्या मधोमध बसला होता, आणि एक तपकिरी तुकडा थेट हिरव्यांच्या शेजारी. सगळे खो खो हसले. तो वर्गातला गमत्या आहे, मुद्दाम केलं असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. मी म्हटलं, पुरे आता, नीट लाव. त्याने पुन्हा बघितलं. मग एक तुकडा उचलून नाकाला लावला. हसण्याचा दुसरा लोट आला. पण मी त्याच्या समोर उभी होते आणि त्याचा चेहरा मला दिसत होता. तो गंमत करत नव्हता.

अनघाताईंनी खेळ आवरता घेतला, मुलांना सरबत प्यायला पाठवलं आणि मला थांबवून घेतलं. या मुलाला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नसावा, असं त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. असं पुष्कळांना असतं, आयुष्य अडत नाही, घरच्यांना ठाऊक आहे का? बहुतेक वेळा हे आईच्या वडिलांकडून येतं, आईला स्वतःला काही नसतं आणि मुलाला होतं. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मी त्यांच्याशी जवळजवळ भांडलेच. म्हटलं, अहो, हा रोज रेल्वेचा सिग्नल सांगतो, एकदाही चुकत नाही. त्यांनी वाद घातला नाही. मुलाला पुढे काय व्हायचं आहे, एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

दुपारी सगळ्यांना झणझणीत मिसळ खाऊ घातली. आमच्याकडे मुलं उसळीला नारळ मागतात, इथे कुणी वर शेव टाकली तर कुणी पाव दुप्पट घेतला. कोण काय खातंय याकडे माझं लक्ष नव्हतं.

कोपरीला परतल्यावर दिवेलागणीला श्रेयस माझ्याजवळ गच्चीवर आला. मी काय चुकलो, असं त्याने विचारलं. मी त्यालाच विचारलं, की तू गडग्यावरून सिग्नल ओळखतोस तो कसा?

“सोपं आहे बाई. वरचा दिवा हिरवा, मधला पिवळा, खालचा लाल.”

हे तो पाढा म्हणावा तसं म्हणाला, आणि म्हणता म्हणताच थांबला. त्याला काय कळलं ते मला कळलं. खालच्या रस्त्यावर भाजीवाल्यांचे बल्ब लागत होते. तो कठड्याला टेकून ते बघत होता, आणि त्यातलं त्याला काय दिसत असेल हे मला विचारवेना.

खाली नानांना मी सगळं सांगितलं. आईच्या वडिलांकडून येतं, इथपर्यंत पोचले तेव्हा नानांनी हातातला चहा खाली ठेवला. लालच्या जागी हिरवी, एवढंच ते पुटपुटले. नंतर जेवायला बसले नाहीत. मुलं भजनाच्या पेटीशी खेळत होती, तिकडेही बघितलं नाही.

कल्याण

कल्याणचा दिवस मी श्रेयससाठीच ठेवला होता. इंजिनांच्या शेडमध्ये जायची परवानगी नानांनी महिनाभर खटपट करून मिळवली होती. ती रद्द करावी असं रात्रभर मनात येत होतं. सकाळी सगळ्यांत आधी तयार होऊन बसला होता तो श्रेयस.

आम्हाला इंजिन दाखवायला म्हात्रे म्हणून लोको पायलट आले. कल्याणच्याच जुन्या गावातले. घरची जमीन विकून भाऊबंदांनी इमारती उभ्या केल्या, पण यांना गाडीशिवाय करमत नाही, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी मुलांना एक चाल शिकवली. इंजिनात दोघे असतात. सिग्नल दिसला की एकाने हात करून त्याचा रंग मोठ्याने सांगायचा, आणि दुसऱ्याने स्वतः बघून तोच पुन्हा सांगायचा. नुसतं ऐकून म्हटलेलं चालत नाही. दोघांच्याही डोळ्यांना दिसायला हवं. मुलांना हे इतकं आवडलं, की यार्डातल्या सगळ्या खांबांकडे हात करून त्यांनी कल्ला केला.

श्रेयस त्या कल्ल्यात नव्हता. तो म्हात्र्यांच्या मागेमागे चालत होता. मुलं पुढे गेल्यावर त्याने त्यांना विचारलं, की दिवे वरखाली नसतील, एकच दिवा असेल, तर कसं ओळखायचं? म्हात्रे म्हणाले, रंगावरून, आणखी कशावरून? तेव्हा तो म्हणाला, “काका, माझी परीक्षा घ्या ना.”

म्हात्र्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. नको कसं म्हणणार होते?

शेडच्या मागे एक अंधारा कोपरा होता. गार्डच्या हातात असते तशी बत्ती म्हात्र्यांनी आणली, एकाच भिंगातून लाल, हिरवा आणि पांढरा असे तीन रंग दाखवणारी. ते लांब जाऊन उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबलं.

“पांढरा,” श्रेयस म्हणाला.

मला हिरवा दिसत होता.

त्यांनी बत्ती विझवली, पुन्हा लावली. या वेळी पांढराच होता. श्रेयस बराच वेळ बघत राहिला आणि मग हिरवा म्हणाला. तिसऱ्यांदा पुन्हा हिरवा लागला. तो डोळे बारीक करून, मान पुढे काढून बघत राहिला, तरी त्याला ते ठरवता येईना. म्हात्रे बत्ती खाली करून जवळ आले आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले.

“बघ रे, मी खोटं नाय बोलणार तुझ्याशी. डॉक्टरला दाखव, खात्री कर. पण रेल्वेचे डॉक्टर ह्याच्यात सोडत नाहीत, आणि सोडू पण नये. माझ्या मागे अख्खी गाडी झोपलेली असते.”

चष्म्याने जातं का, असं श्रेयसने विचारलं. म्हात्रे नाही म्हणाले. लेखी परीक्षा पास होऊन, घरी पेढे वाटून, मग मेडिकलला नापास झालेली मुलं आपण पाहिली आहेत, त्यापेक्षा तुला आत्ता कळलं हे बरं, असंही त्यांनी सांगितलं. रेल्वेत दुसरी पुष्कळ कामं आहेत, ऑफिसात, हिशेबात, तिथे हे आड येत नाही.

“पण इंजिनात नाही ना,” श्रेयस म्हणाला.

माझ्या पिशवीत कोर्सेसची माहितीपत्रकं होती. नाकाचं काही करता येईल, अत्तरांचे आणि मसाल्यांचे कारखाने असतात, असं अनघाताईंनी निघताना सांगितलं होतं. ते सगळं माझ्या जिभेवर आलं आणि मी गिळून टाकलं. सगळ्या मुलांना नवी वाट दाखवायला मी घेऊन आले होते, आणि ज्याला आपली वाट आधीच सापडलेली होती त्या एकाचीच मोडली. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. बरं झालं आत्ताच कळलं, असं मला पुढे सगळे म्हणाले. त्यात खोटं काही नाही, पण त्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्यातलं काही उपयोगाला आलं नाही.

तिकडे मुलं आळीपाळीने उभ्या इंजिनात चढत होती. चालकाच्या जागेवर बसायचं, भोंगा वाजवायचा आणि उतरायचं. श्रेयसने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. शेवटी एकटा चढला. खुर्चीवर बसला, समोरच्या काचेवर तळहात ठेवला. खालून पोरं ओरडत होती, भोंगा वाजव, भोंगा वाजव. त्याने वाजवला नाही. खाली आला तेव्हा डोळे लाल होते. आत फार गरम होतं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. माझ्याशिवाय कुणाला काही समजलं नाही.

संध्याकाळी नाना त्याला ठाण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे ठिपक्यांचं पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडे दडलेले. श्रेयसला त्यातला पहिलाच आकडा दिसला. तो सगळ्यांनाच दिसतो.

परत

निघायच्या दिवशी नाना फलाटावर आले होते. खिडकीशी उभे राहून ते इकडचं तिकडचं बोलत राहिले. आंब्याला मोहोर कसा आहे, पाण्याची मोटर दुरुस्त झाली का. गाडी सुटायच्या वेळी त्यांनी श्रेयसचा हात खिडकीतून धरला.

“आजोबांना सांग, तारांचं नानाला आता कळलं. आळशी म्हटलेलं, ते चुकलं माझं.”

वाटेत तन्वी आणि इतर मुली चिमटे, कोर्स आणि हॉस्टेल यांच्याच गप्पा मारत होत्या. मुलगे पॅनलच्या आणि मिसळीच्या. सहल चांगली झाली होती, असं कुणीही म्हटलं असतं. श्रेयस खिडकीशी बसला होता. वळणावर गाडी कललेली दिसते आणि पुढचा सिग्नल दिसतो, तिथे दर वेळी त्याची मान आपोआप वर व्हायची. मग तो ती खाली घालायचा.

आमच्या स्टेशनात समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी बराच वेळ थांबते. मुलं उतरली, आईवडिलांच्या गळ्यात पडली आणि पांगली. श्रेयसचे आजोबा टोपी सरळ करत पुढे आले. हा त्यांच्या पाया पडला, पिशवी खाली ठेवली आणि फलाटाच्या टोकाकडे बोट दाखवून त्याने विचारलं,

“आजोबा, आत्ता कुठला दिवा लागलाय?”

“वरचा,” आजोबा म्हणाले.

“रंग कुठला?”

आजोबांनी सिग्नलकडे बघितलं नाही. नातवाकडेच बघत राहिले. त्यांचा ओठ थोडा हलला, आणि मला वाटलं ते आता हिरवा म्हणतील, आयुष्यभर म्हणत आले असतील तसं.

“तुला पण?” ते म्हणाले.

श्रेयसने मान डोलावली. मागे आमची गाडी सुटली. तिच्या आवाजात त्याने नानांचा निरोप सांगितला, तो मला ऐकू आला नाही, फक्त आजोबांनी टोपी काढून हातात घेतली ती दिसली. गाडी निघून गेल्यावर त्यांनी पिशवी उचलली आणि दुसरा हात पुढे केला. नववीतला मुलगा चारचौघांत आजोबांचा हात धरून चालत नाही. हा रिक्षांच्या थांब्यापर्यंत धरून गेला.